पहिलं पान आणि चार पांढऱ्या बनियन

माझ्या भावाला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यात आधी खरेदी झाली ती चार बनियनची. वहिनीने आमच्या आर्णीच्या बाजारातून निवडून आणल्या, पांढऱ्याशुभ्र, अर्ध्या बाह्यांच्या. तिचं म्हणणं असं की शहरात माणूस आत काय घालतो त्यावरून घरची बाई कळते. शहरातली माणसं दुसऱ्याच्या शर्टाच्या आत कधी डोकावतात, हे तिला कोणी विचारलं नाही, कारण त्या दिवशी घरात हसायची कोणाची तयारी नव्हती.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे. बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला त्याचं दुकान आहे, फवारणीचे पंप दुरुस्त करायचं. पाठीला अडकवून हाताने दांडा मारत फवारायचे पंप आणि हल्लीचे बॅटरीवालेही. विकत नाही, फक्त दुरुस्त करतो. एके काळी पावसाळा तोंडावर आला की दुकानापुढे पंपांची रांग लागायची आणि भाऊ जेवायला घरी यायचा नाही, वहिनी डबा पाठवायची. मग ती रांग आटत गेली. पंप बिघडला की माणूस आधी मोबाइलला विचारायला लागला, आणि मोबाइल त्याला नागपूर-अमरावतीची मोठी दुकानं दाखवायचा, नाहीतर नवाच पंप घरपोच देणारे. आर्णीतल्याच माणसाला आर्णीतला माझा भाऊ मोबाइलवर सापडत नव्हता.

पुतण्या पुण्यात नोकरीला. त्याने बापासाठी एका सोसायटीत देखरेखीचं काम पाहून ठेवलं, आणि दिवाळीत सगळ्यांनी बसून ठरवलं की येत्या पोळ्यापर्यंत वाट पाहायची, तोवर दुकान सावरलं तर ठीक, नाहीतर कुलूप लावून पुणं गाठायचं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर भाऊ वायसरचे, म्हणजे रबरी कड्यांचे, डबे रिकामे करून, पुसून, मापामापाने परत भरत बसला होता. ज्याला दुकान बंद करायचंय त्याने डबे कशाला लावावेत.

मला भाऊ जायला नको होता. हे आज मी सरळ सांगते, तेव्हा सांगितलं नाही, भांडले. माझा स्वभावच तसा आहे, रडू आलं की माझा आवाज चढतो.

"कायले चालला तू पुण्याले?" मी म्हटलं. "तिथं कोन पंप मारते?"

"बाई, तू तुह्या क्लासकडे पाह्य," तो म्हणाला आणि वायसर पुसत राहिला.

माझा क्लास म्हणजे संगणकाचा क्लास. आर्णीतल्या बऱ्याच जणांनी टायपिंग माझ्याकडे शिकून घेतलं, आणि गेल्या काही वर्षांत नात्यागोत्यात ज्याच्या ज्याच्या दुकानाला वेबसाइट हवी होती ती मीच करून दिली. भावाच्या दुकानाचीही केली होती. पण दिव्याखाली अंधार. तिच्यावर दोन फोटो होते, त्यातला एक आडवा, आणि मजकूर मी असा लिहिला होता की तो वाचून मलाच जांभई यावी. त्या रागातच मी भावाला शब्द देऊन बसले.

"पोयाच्या आत तुले पहिल्या पानावर आनते का नाही, पाह्य."

"कोनत्या पेपरच्या?" त्याने विचारलं.

मग मी त्याला समजावलं की मोबाइलवर काही शोधलं की जी यादी येते तिचं पहिलं पान. दुसऱ्या पानापर्यंत लोक जात नाहीत, तिसऱ्याचं तर नावच नको. आपलं दुकान चौथ्या पानावर होतं, तळाशी. मी मोजून पाहिलं होतं. भाऊ म्हणाला, चौथं तर चौथं, निदान आहे तरी.

आता मी या विषयातली अगदीच अडाणी नव्हते. व्हिडिओ पाहिले होते, थोडंफार वाचलं होतं. दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे वाट काढून दिलेली असते, तिला लिंक म्हणतात, आणि अशा वाटा जितक्या जास्त तितकं ती यादी लावणारं शोधयंत्र आपल्याला मानतं, एवढं मला कळलं होतं. त्याच आठवड्यात एका अनोळखी माणसाचा निरोप आला, की आठ दिवसांत हजार लिंक लावून देतो, पैसे आधी पाठवा. मी त्याला उत्तरच दिलं नाही. हजार अनोळखी कशाला विकत घ्यायचे, मला देवाने नातेवाईक काय कमी दिले होते.

इथे आमच्याकडच्या लग्नपत्रिकेबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात पत्रिका तीन घड्यांची असते आणि नवरा-नवरीची नावं कशीबशी एका घडीत मावतात. बाकीच्या घड्या नातेवाइकांच्या. काका, मामा, आत्या, मावसभाऊ, त्यांचे व्याही, मुलाचे मित्र, गल्लीतलं मंडळ. जे आता नाहीत त्यांचीही नावं असतात, आमच्या बौद्ध घरांत त्यांच्यापुढे 'कालकथित' लिहितात. ज्याचं नाव राहून गेलं तो लग्नाला येत नाही, किंवा येतो आणि जेवत नाही. पत्रिका छापायला जाण्याआधी घरात जेवढी भांडणं होतात तेवढी लग्न ठरवताना होत नाहीत. हे सगळं माझ्या अंगात इतकं मुरलेलं की मी भावाच्या वेबसाइटवर एक नवं पान केलं, त्याला 'आमचे आप्तेष्ट व स्नेही' असं नाव दिलं, आणि त्यावर ज्यांची ज्यांची म्हणून वेबसाइट आहे त्या सगळ्या नातेवाइकांच्या लिंका टाकल्या. बदल्यात त्यांच्या वेबसाइटवर भावाच्या दुकानाची लिंक.

सगळ्यांच्या वेबसाइटच्या किल्ल्या माझ्याकडेच होत्या, कोणाला न विचारता काम झालं असतं. पण असं कसं चालेल, म्हणून मी एकेकाला फोन केला आणि फसले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, आपलं नाव कितवं. दिग्रसला आमचे मामा आहेत, त्यांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, पंप सगळं मिळतं. ते सगळ्यांत वडील.

"नाव सगयाईच्या वरतं पाह्यजे," मामा म्हणाले. "अन् नावाआंधी आदरणीय लिवजो."

लिहिलं. मंडपवाल्या आतेभावाला धाकट्या भावाच्या खाली नाव चाललं नाही, वर घेतलं. यवतमाळच्या मावसबहिणीला तिच्या ब्यूटीपार्लरच्या आधी 'सौ.' हवं होतं, दिलं. एका काकांचं सायबर कॅफे केव्हाच बंद पडलेलं, त्याची वेबसाइटही उघडत नव्हती. पण नाव गाळलं असतं तर काकूला वाटलं असतं की पडत्या काळात विसरले. मी ते नाव ठेवलं. पत्रिकेच्या हिशोबाने त्याच्यापुढे कालकथित लिहायला हवं होतं, तेवढा मोह मी आवरला.

यादी चाळिसाच्या वर गेली. मी ती कौतुकाने पुन्हा पुन्हा उघडून पाहायची. पंधरा दिवसांत भाऊ चौथ्या पानावरून तिसऱ्यावर आला, आणि मी पेढे वाटायचीच बाकी होते. वहिनीला म्हटलं, बनियन परत देता येतात का विचारून ठेव.

मग एके दिवशी भाऊ गायब झाला. म्हणजे दुकानात होता, वायसर पुसत होता, पण यादीत नव्हता. तिसऱ्या पानावर नाही, चौथ्यावर नाही. मी दहाव्या पानापर्यंत गेले, बोट दुखायला लागलं. भावाचं नाव सापडलं ते आतेभावाच्या मंडपाच्या पानावर, खुर्च्या आणि गाद्यांच्या भाड्याखाली.

दोन दिवस मी शोधयंत्राला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जे आधी करायला हवं होतं ते केलं, त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले नियम नीट वाचले. त्यात साफ लिहिलं होतं की केवळ वर यायचं म्हणून आपसात केलेली लिंकांची देवाणघेवाण धरली जात नाही, उलट अंगाशी येऊ शकते. आमचं दुकान त्यानेच खाली गेलं की आणखी कशाने, याची शपथ मी घेणार नाही. पण मी मावसबहिणीचं पान उघडलं, तिथे फेशियल आणि भुवयांच्या दराखाली 'फवारणी पंप दुरुस्ती, आर्णी' असं ठळक अक्षरात होतं, आणि मला यंत्राचा राग यायचा थांबला. कोणत्याही शहाण्या माणसाला संशय आला असता.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट मला कोणी नव्याने शिकवायला नको होती. आपण मुलीसाठी स्थळ पाहतो तेव्हा मुलाकडच्या पत्रिकेत किती नावं आहेत ते मोजतो का? त्याच्या मामाला विचारतो का मुलगा कसा आहे? मामा चांगलंच सांगणार. आपण त्यांच्या गावात जातो, पानठेल्यावर उभं राहतो, आणि ज्याचं देणंघेणं नाही अशा माणसाला सहज विचारतो. त्याने आपणहून "पोरगा चांगला हाय" म्हटलं की ते एक वाक्य चाळीस नातेवाइकांना भारी असतं. यंत्रही पानठेल्यावरच विचारत होतं. मी मात्र त्याच्या हातात पत्रिका ठेवली होती.

सगळ्या लिंका मी एका दुपारी काढून टाकल्या. ते सोपं होतं. अवघड होतं ते त्यानंतरचे फोन. बाकीच्यांनी कुरकुर केली आणि विसरले, आतेभावाला तर लिंक काय ते शेवटपर्यंत कळलंच नव्हतं. मामा विसरले नाहीत.

"छापल्यावर पत्रिकेतून नाव कापते काय कोनी?" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्याच महिन्यात दिग्रसला नात्यात एक बारसं होतं. मामा माझ्याकडे पाठ करून बसले, मी दिलेला चहा घेतला नाही, मग माझंही डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, तुमच्या आदरणीयनंच भावाचं दुकान खाली गेलं." वहिनीने कपाळावर हात मारला. येताना बसमध्ये ती पुढच्या बाकावर जाऊन बसली, आणि मी खिडकीबाहेर पाहत बसले. बोलायला नको होतं, हे मला दिग्रस ओलांडायच्या आतच कळलं होतं.

उन्हाळा लागला. क्लासला सुट्टी होती, म्हणून मी दुपारी भावाच्या दुकानात जाऊन बसायला लागले. काही करायला नव्हतं तर निदान कोपऱ्यातला पसारा आवरला, फडकी जुनी झाली होती ती फेकली. एक वही घेतली आणि येणारे लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहायला लागले. मी वेबसाइटवर लिहिलं होतं 'कृषी फवारणी यंत्र देखभाल सेवा'. दुकानात महिनाभरात एकाही माणसाने हे शब्द उच्चारले नाहीत. लोक म्हणायचे, पंप प्रेशर काहून धरत नाही, नोझल थेंबथेंब काहून गयते. ज्या शब्दांत ते भावाला विचारत होते त्याच शब्दांत मोबाइललाही विचारत असणार, आणि मोबाइल माझ्या पानावर ते शब्द शोधून परत जात असणार. मी वहीत लिहीत होते आणि भाऊ मला हसत होता.

अशाच एका दुपारी दिग्रस रोडवरच्या बंजारा तांड्यातली एक म्हातारी आली. तांड्यावरच्या वयस्कर बायांना आम्ही याडी म्हणतो, याडी म्हणजे आई. तिने जुन्या लुगड्यात बांधून पंप आणला होता. खाली ठेवला आणि पदराने घाम पुसत उभी राहिली.

"भाऊ, हा पंप गयते कुठून ते पाह्य. घरच्या मालकानं वांग्यावर मारलं त पाठ लाल झाली, रातभर आग आग करे. घरी पाह्यलं त कोरडा दिसते."

"ठेवल्यावर कोरडाच दिसन, याडी," भाऊ म्हणाला. "पाठीवर बसला का मंग गयते."

तो उठला, पंप दोनदा खळखळून धुतला, टाकीत साधं पाणी भरलं आणि कोपऱ्यात काहीतरी शोधायला लागला. माझ्याकडे वळला. "इथली जुनी बनियन कुठं हाय?"

ती मी फेकली होती. फडकं समजून. भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग शर्ट काढला. आत पुण्याची बनियन होती, चारांतली पहिली. वहिनीने सवय व्हावी म्हणून घालायला लावली होती. त्याने फळीवरून नीळ काढली, कपड्यांना घालतात तीच, दोन झाकणं टाकीत ओतली, पंप पाठीला लावला आणि दांडा मारत रस्त्यापलीकडच्या कडुलिंबापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. आल्यावर पंप उतरवून आमच्याकडे पाठ केली.

पांढऱ्या बनियनवर उजव्या कुशीतून एक निळा ओघळ निघून कमरेपर्यंत गेला होता.

"बाप्पा," याडी म्हणाली, "पाठीवर पैनगंगाच काहाडली तू त."

भावाने पाठीवर हात नेऊन ओघळ कुठे सुरू होतो ते चाचपलं, टाकी त्या जागी फिरवली, दांडा बसतो तिथली चकती उघडली. आतला वायसर चिरलेला होता. पाठीवर पंप तिरका होतो आणि दांडा मारताना दाब येतो तेव्हाच ती चीर उघडायची. नवा वायसर टाकला, पुन्हा नीळ, पुन्हा लिंबापर्यंत फेरी. या वेळी नवा डाग नव्हता.

मी जवळ जाऊन डाग बोटाने पुसून पाहिला. "हे तू कवापासून करून राह्यला?"

"दुकान टाकलं तवापासून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलं काय कधी?"

तो रागाने बोलला नाही, पण मला लागलं ते लागलंच. भाऊ वर्षानुवर्षं लोकांच्या पाठी वाचवत होता आणि मी त्याच्या दुकानाची जाहिरात करायला ब्यूटीपार्लरमध्ये गेले होते.

मी मोबाइल काढून त्याच्या पाठीचा फोटो घेतला. भाऊ वळला. "माह्या पाठीचा फोटो कायले? लोक हासतीन." आणि मग जे खरं होतं ते बोलला. "हे सारं त्याईले फुकट सांगून देल्लं त दुकानात येईन कोन?"

उत्तर याडीने दिलं, पंप लुगड्यात बांधता बांधता.

"गयते कुठून ते घरी दिसन. वायसर त तुह्याचकडं बसवा लागन न."

त्या संध्याकाळी मी पान लिहिलं. पहिला मजकूर वहिनीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "असं बोलते काय कोनी?" फाडला. मग भाऊ जसं याडीशी बोलला तसंच लिहिलं. पंप आधी स्वच्छ धुवा, विषाचा थेंब आत राहू देऊ नका. साधं पाणी भरा, दोन झाकणं नीळ टाका, जुनी पांढरी बनियन घाला, पाठीला लावून शंभर पावलं दांडा मारत चाला, मग घरच्यांना पाठ दाखवा. डाग वर असला तर झाकण, मध्ये असला तर नळीचा सांधा, कुशीत असला तर दांड्याचा वायसर. डाग दिसला तर दुरुस्त झाल्याशिवाय त्यात औषध भरू नका, मग दुरुस्ती आमच्याकडे करा की तुमच्या गावातल्या माणसाकडे. शेवटचं वाक्य भावाने घालायला लावलं. मी ते दोनदा खोडलं आणि त्याने दोनदा परत लिहायला लावलं. वर भावाच्या पाठीचा फोटो.

या वेळी मी कोणालाही फोन केला नाही. हात शिवशिवत होते, तरी नाही केला.

पेरण्या झाल्या. वेबसाइटच्या मागच्या बाजूला एक यादी असते, कोणकोण आपल्याकडे वाट काढून देतंय ते तिच्यात दिसतं. मी ती रोज सकाळी चहाबरोबर उघडायची आणि ती रोज रिकामी असायची. मग एका सकाळी तिच्यात एक नाव आलं. कुठल्याशा कृषी महाविद्यालयातले एक मास्तर आपल्या विद्यार्थ्यांसाठी टिपणं टाकतात, त्यात त्यांनी 'पंप तपासायची सोपी रीत' म्हणून आमचं पान दिलं होतं. मी त्या मास्तरांना ओळखत नाही. आठवड्याने राळेगावकडचा एक कास्तकार निघाला, आपल्या कपाशीबद्दल ब्लॉग लिहीत असतो तो. त्याने स्वतः नीळ टाकून पाहिली होती आणि आपल्याच पाठीचा फोटो टाकला होता, आमच्यापेक्षा मोठा डाग. मग महिलांचा एक बचतगट. मग एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर चार ओळी आल्या, आणि भाऊ म्हणाला, मी तुले इचारलंच होतं कोनत्या पेपरच्या.

यातल्या एकालाही मी विनवणी केली नव्हती. पानठेल्यावरची माणसं आपणहून बोलायला लागली होती.

भाऊ यादीत परत आला, आधी पाचव्या पानावर, मग तिसऱ्या, मग बरेच दिवस दुसऱ्यावरच अडकून राहिला. त्या दिवसांत मी उपासाला बसल्यासारखी चिडचिडी झाले होते. नागपंचमीच्या सुमारास पहिल्या पानाच्या तळाशी दिसला. मी मोबाइल घेऊन दुकानात पळत गेले तर भावाला पाहायला वेळ नव्हता, समोर गिऱ्हाईक होतं.

तो माणूस राळेगाव तालुक्यातून एसटी बदलत आला होता. मांडीवर पंप घेऊन. पिशवीतून त्याने घडी घातलेली बनियन काढली आणि डॉक्टरपुढे एक्सरे धरावा तशी भावापुढे धरली. "इथून गयते," तो म्हणाला. भावाने डाग पाहिला, पंप उघडायच्या आधीच कोणता वायसर ते सांगितलं, आणि तो माणूस खूश झाला. वाटेत त्याला पंप दुरुस्तीची दोन दुकानं लागली होती. तो थांबला नव्हता.

मग अशा बनियन घेऊन लोक यायलाच लागले. काहींनी घरी करून पाहिलेलं नसायचं, त्यांच्यासाठी भाऊ स्वतः पंप लावून लिंबापर्यंत फेरी मारायचा. जुन्या बनियन संपल्या. पुण्याची दुसरी गेली, तिसरी गेली. वहिनी रोज एक बनियन घासायची आणि नीळ काही जायची नाही. पोळा आठ दिवसांवर आला होता. पुतण्याचा फोन यायचा, बाबा, तिकडे कधी येता ते त्या लोकांना सांगायचंय, आणि भाऊ म्हणायचा, पोया त होऊ दे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी यादी उघडली आणि तिच्यात दिग्रसचं कृषी केंद्र दिसलं. मला वाटलं, त्या वेळची लिंक काढायची राहून गेली, आता पुन्हा सगळं खाली जाणार. घाईघाईने मामांचं पान उघडलं. ते नवंच होतं. मामांनी ते माझ्याकडून नाही, दुसऱ्याच कोणाकडून करून घेतलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'पंप आमच्याकडून घ्या, पण औषध भरायच्या आधी हे एकदा करून पाहा', आणि खाली भावाच्या पानाची लिंक. आदरणीय वगैरे कुठे काही नाही.

मी फोन लावला. पाच-सहा महिन्यांनी. मामांनी उचलला.

"मामा," मी म्हटलं, "मी त तुमाले लिंक टाका म्हनून सांगतलं नव्हतं."

"म्हनूनच टाकली," मामा म्हणाले. "माह्या वावरातल्या गड्याची पाठ जयली. दुकान माह्यं, पंप माह्या दुकानातला. नीय टाकली त दिसलं." मग घसा खाकरला. "भावाले सांगजो, पान चांगलं हाय. तुह्या चहाचं पाह्यजो आता. पोयाले येतो."

मला रडू आलं, पण या वेळी आवाज चढला नाही.

पोळ्याला मामा आले, दोन कप चहा प्यायले आणि दुकानात जाऊन बसले. भाऊ सणाच्या दिवशीही दुकानात होता, कारण दुसऱ्या दिवशी फवारायचं म्हणून तिघं-चौघं पंप घेऊन उभे होते. मामांना त्याने पंप लावायला सांगितलं नाही, पण निळीची बाटली धरायला दिली, आणि मामांनी ती दुपारभर धरली.

संध्याकाळी आम्ही सगळे घरी अंगणात बसलो होतो. पुतण्याचा फोन दोनदा येऊन गेला होता, भावाने उचलला नव्हता. वहिनी दोरीवरचे कपडे काढत होती. दोरीवर शेजारी शेजारी त्या चार बनियन होत्या, चारीच्या पाठी निळ्या. एकीची कुशीत, एकीची मानेपाशी, एकीची कमरेशी, चौथीची तर सगळीच. वहिनीने चौथी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि भावाकडे न पाहता विचारलं,

"आता पुण्याले काय घालून जासान तुमी?"

भाऊ पायरीवर बसून नखातली नीळ काडीने काढत होता.

"दुकानातली नीय सरली," तो म्हणाला. "उद्या आनजो."

वहिनीने बनियनची घडी केली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने नीळ आणली, मोठी बाटली.